भिंतीवर चढलेली कपड्यांची नीळ

घराच्या आतल्या भिंतीला गडद निळा रंग द्यायचा विषय निघाला, की दोन गोष्टी हमखास घडतात. रंगारी शेडकार्ड उघडून ‘लाइट जाईल, विचार करा’ असे बजावतो आणि घरातले किंवा शेजारचे कोणी तरी ‘निळा तर आपला जुना, पारंपरिक रंग’ असे म्हणून मोकळे होते. रंगाऱ्याचे म्हणणे रास्त आहे. प्रश्न आहे तो परंपरेचा. त्यासाठी अजिंठ्याचा दाखला दिला जातो, निळीच्या मळ्यांचा दिला जातो, जोधपूरच्या निळ्या गल्ल्यांचे फोटो पुढे केले जातात. हे तिन्ही दाखले आपापल्या जागी खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. सामान्य माणसाच्या घरात भिंतीवर ठळक निळा रंग येऊन अजून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. तो चित्रकाराच्या कुंचल्यातून आला नाही आणि निळीच्या शेतातूनही आला नाही. तो वाण्याच्या दुकानातल्या, कपडे धुवायच्या निळीच्या पुडीतून आला. आणि त्या पुडीला भिंतीवर जागा मिळाली ती चुन्याने तिला पत्करले म्हणून. आवडनिवड, शुभाशुभ, श्रद्धा हे सगळे त्यानंतरचे.

आधी आपल्या भिंतींवर काय होते ते पाहू. चुन्याची सफेदी, गेरूचा पट्टा, पिवडीचा हात, काजळीची किंवा कोळशाची रेघ आणि जिथे चुनाही परवडत नव्हता तिथे माती आणि शेणाचे सारवण. वारली चित्रात गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा. कोकण-गोव्यातल्या देवळांवरचे कावीचे काम घ्या: ओल्या चुन्यावर तांबड्या काव मातीचा थर आणि तो कोरून काढलेली पांढरी नक्षी. वेली आहेत, हत्ती आहेत, देवदेवता आहेत, पण रंग दोनच. कारागिरांच्या कल्पनाशक्तीला काही मर्यादा होती असे ती नक्षी पाहून कोणीही म्हणणार नाही. मर्यादा होती ती चुन्याची. कळीचा चुना पाण्यात विरवला की तो खदखदतो, हाताची कातडी सोलतो. भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. तोवर त्याच्यात जो क्षार असतो त्यापुढे बहुतेक रंग टिकत नाहीत. गेरू, काव आणि पिवडी टिकतात, कारण त्या सगळ्या लोखंडाच्या गंजाच्याच जाती आहेत आणि गंजाला चुन्याचे भय नाही. कोळसा टिकतो. महाराष्ट्राच्या मातीत तांबडा सापडतो, पिवळा सापडतो, काळा चुलीतच मिळतो. पायाखाली खणून सापडेल असा, चुन्यात टिकणारा निळा इथे नाही.

मग अजिंठा? हा आक्षेप वाटतो त्याहून वजनदार आहे, कारण विहार म्हणजे भिक्षूंचे राहते घरच. म्हणजे घराच्या आतल्या भिंतीवरचा निळा रंग आपल्याकडे पाचव्या शतकातच होता, असे कोणी म्हटले तर त्याला उडवून लावता येत नाही. पण तो निळा कोणता आणि तो भिंतीवर कसा बसवला होता, हे पाहिले की चित्र बदलते. वाकाटक काळातल्या या चित्रांत वापरलेला निळा लाजवर्द दगडाचा आहे. हा दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. चित्रांतले बाकीचे रंग आसपासच्या दगडमातीतले, हा एकटा इतक्या लांबचा. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री होता. अशा घरांनाच तो परवडायचा. शिवाय अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यात रंगवलेली नाहीत. माती, भुसा, तंतू यांच्या लिंपणावर पातळ पांढरा थर आणि त्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती पद्धत. निळा येतो तो वस्त्रात, अलंकारात, पार्श्वभूमीच्या एखाद्या तुकड्यात. भिंत रंगवण्यासाठी नव्हे, चित्रातला एखादा भाग उजळण्यासाठी. यात इटलीचाही तोच अनुभव आहे. पादुआच्या ज्या प्रार्थनागृहाचे छत जॉत्तोने १३०५ च्या सुमारास निळेभोर केले, तिथेही निळा ओल्या गिलाव्यात घालता आला नाही. अ‍ॅझुराइट हे तांब्याचे खनिज चिकट द्रव्यात कालवून सुकलेल्या भिंतीवर वरून लावावे लागले, आणि म्हणूनच कित्येक ठिकाणी बाकीचे रंग शाबूत असताना निळा तेवढा उडाला. लाजवर्दाचे तर विचारूच नका. त्याची नुसती पूड केली तर करडी राख मिळते. ती मेण, राळ आणि तेलाच्या गोळ्यात मळून, तो गोळा क्षाराच्या पाण्यात पिळून पिळून निळे कण वेगळे काढावे लागत. चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या आसपास ही कृती लिहून ठेवली आहे. अशा रंगाने कोणी माजघर रंगवत नाही.

दुसरा दाखला निळीचा, आणि तो माझ्या मते अजिंठ्याहून अधिक फसवा आहे, कारण तो आपल्या अंगावरच होता. निळीच्या झुडपापासून काढलेला रंग इथे हजारो वर्षे कापडावर चढतो आहे. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने भारतातून येणाऱ्या या रंगाची नोंद केली आहे. लुगड्यात, पागोट्यात, घोंगडीच्या काठात निळा-काळा मुबलक. मला तर हाच माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. ज्या समाजाने निळा रंग अंगावर एवढ्या हौसेने मिरवला, त्याने तो भिंतीवर मात्र का लावला नसेल? रंग अशुभ मानला असता तर अंगावरही आला नसता. तेव्हा अडचण आवडीची नव्हतीच. नीळ हा वनस्पतीपासूनचा रंग; धाग्यात तो घट्ट शिरतो, पण भिंतीवर उघड्या उन्हात विटतो, आणि पांढऱ्याशुभ्र चुन्यात कालवला की राखाडीकडे झुकतो. शिवाय निळीची वडी म्हणजे रोख पैसा होता. ती परदेशी पाठवायची वस्तू होती. तिच्यासाठी बंगालात मळेवाल्यांनी रयतेला नाडले आणि १८५९-६० मध्ये तिथले शेतकरी उठले. अशी वस्तू दरवर्षी चुन्याबरोबर भिंतीला फासायची आणि पुढल्या वर्षी तिच्यावरून पुन्हा पांढरा हात मारायचा, हे कोणत्याही हिशेबी घरात बसणारे नाही. शेखावटीतल्या मारवाडी हवेल्यांवर हे बदलाचे टप्पे उघड दिसतात. जुन्या भिंतींवर गेरूचा तांबडा, पिवडी आणि काळा यांचे राज्य. निळा आहे तो निळीचा, बेताचा आणि जपून वापरलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र भिंती एकाएकी निळ्या होऊ लागतात. मालक तेच, चिताऱ्यांची घराणी तीच, विषयही बरेचसे तेच. बदलला तो बंदरावर उतरणारा माल.

तो माल कोणता, हे सांगण्याआधी युरोपातल्या एका निळ्याची बोळवण करायला हवी. १७०४ ते १७०६ च्या दरम्यान बर्लिनमध्ये दीसबाख नावाचा रंगवाला तांबडा रंग करायला गेला आणि अशुद्ध क्षारामुळे त्याच्या हाती गडद निळा लागला. हाच प्रशियन ब्लू. १७२४ मध्ये त्याची कृती लंडनमध्ये छापली गेली आणि पुढे युरोपातल्या श्रीमंत घरांच्या खोल्या, लाकडी तक्तपोशी आणि भिंतीवरचे कागद त्याने रंगले. गडद निळ्या दिवाणखान्याचा इतिहास सांगणारी इंग्रजी पुस्तके इथूनच सुरुवात करतात, आणि त्यांच्यापुरते ते बरोबर आहे. आपल्या भिंतींसाठी हा रंग कुचकामी. प्रशियन ब्लू हे लोखंडाचेच संयुग आहे, पण क्षार लागला की मोडते आणि मागे उरतो तपकिरी गंज. तेलात तो उत्तम, चुन्यात घातला तर निळ्याची माती. ज्यांच्या भिंतीवर तेलरंग किंवा कागद होता त्यांना अठराव्या शतकातच निळी खोली मिळाली. ज्यांच्या भिंतीवर चुना होता त्यांना आणखी शंभर वर्षे थांबावे लागले. आणि जगातल्या बहुतेक माणसांच्या भिंतीवर चुनाच होता.

गंमत अशी की ज्या निळ्याने ही कोंडी फोडली तो पहिल्यांदा दिसला तो चुन्याच्याच भट्टीत. १७८७ मध्ये सिसिलीत फिरताना गोएथेने पालेर्मोजवळच्या चुनाभट्ट्यांच्या आतल्या बाजूला निळ्या काचेसारखे थर पाहिले. तिथले कारागीर ते खरवडून लाजवर्दाच्या जागी नक्षीत बसवत. १८१४ मध्ये फ्रान्समधल्या सँ-गोबँच्या कारखान्यात तासेर याला भट्टीत तसाच निळा आढळला, आणि वोकलँ या रसायनशास्त्रज्ञाने तो तपासून लाजवर्दाशी त्याचे साम्य दाखवले. म्हणजे दगड न खणता हा रंग भट्टीत करता येणार, हे स्पष्ट झाले. १८२४ मध्ये फ्रान्सच्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने त्यासाठी ६००० फ्रँकचे बक्षीस लावले, आणि त्यातली अट महत्त्वाची होती: रंग किलोला ३०० फ्रँकच्या आत पडला पाहिजे. बक्षीस निळ्यासाठी होतेच, पण त्याहून अधिक ते स्वस्ताईसाठी होते. १८२८ मध्ये ते ज्याँ-बातिस्त गिमे याला मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत ट्यूबिंगनच्या ग्मेलिनने स्वतःची कृती जाहीर केली, त्यामुळे मान कोणाचा यावर पुढे बराच वाद झाला. कृती ऐकायला सोपी आहे. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र करून बंद भट्टीत ७५०-८०० अंश सेल्सिअसला भाजायचे, सावकाश निवू द्यायचे, मग धुऊन, दळून, कणांच्या बारीकपणानुसार वेगळे करायचे. मातीच्या स्फटिकी जाळीत अडकून बसलेले गंधकाचे अणू हा निळेपणाचा उगम. यातली एकही वस्तू दुर्मीळ नाही. बदख्शानच्या घाटातून उंटावर येणारा रंग आता टोपल्यांनी माती ओतून काढता येऊ लागला. गिमेच्या घराने त्यातून एवढा पैसा केला की त्याचा मुलगा एमिल १८७६ मध्ये जपान, चीन, भारत फिरून आला आणि आशियाई मूर्ती-चित्रांचे संग्रहालय काढून बसला. पॅरिसचे गिमे संग्रहालय ते हेच. त्यातल्या जुन्या मूर्ती निळीच्या पैशावर उभ्या आहेत.

भट्टीत केलेल्या या निळ्याला, म्हणजे कृत्रिम अल्ट्रामरिनला, उन्हाची भीती नाही, उष्णतेची नाही, आणि आपल्या दृष्टीने मुख्य म्हणजे चुन्याची अजिबात नाही. त्याचा वैरी एकच: आम्ल. लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने तो फिका पडत पडत पांढरा होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. चुन्याच्या भिंतीत त्याला याचीही धास्ती नाही, कारण आम्लाचा थेंब पडला तरी आधी चुनाच तो गिळतो. रंग आणि भिंत यांचे इतके चांगले जमणे निळ्याच्या बाबतीत त्याआधी कधी घडले नव्हते.

पण रंग स्वस्त होणे आणि तो गावातल्या माणसाच्या हाती पडणे यांत अंतर असते. गिमेचा ग्राहक आधी चित्रकार होता, मग कागद-कारखाने झाले. खेड्यातल्या घरापर्यंत हा रंग पोचवला तो धुण्याने. पांढरे कापड वापरता वापरता पिवळट पडते; शेवटच्या पाण्यात चिमूटभर निळा घातला की डोळ्याला ते पिवळेपण दिसत नाही, कापड शुभ्र वाटते. ही युक्ती जुनी आहे; पूर्वी त्यासाठी कोबाल्टच्या काचेची पूड, झाडाची नीळ किंवा प्रशियन ब्लू वापरत. अल्ट्रामरिन आल्यावर हे सगळे मागे पडले. इंग्लंडमधल्या हल शहरात १८४० पासून स्टार्च विकणाऱ्या रेकिट कंपनीने खळीच्या जोडीला नीळही विकायला घेतली आणि तिच्या वड्या-पुड्या साम्राज्यभर गेल्या. आपल्याकडे ‘रॉबिन’ हे छापाचे नाव नसून वस्तूचेच नाव असावे इतके घरोघरी झाले. खडे मीठ, काडेपेटी, साबणाची वडी यांच्या शेजारी, वाण्याच्या फळीवर, वर्षाचे बारा महिने अस्सल, चुन्यात टिकणारा निळा रंग मिळू लागला. रंग म्हणून कोणी तो मागवला नव्हता, रंग म्हणून कोणी विकतही नव्हते. भिंतीच्या इतिहासात या दुकानाच्या फळीला लाजवर्दाच्या खाणीपेक्षा अधिक महत्त्व आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुडी फळीवरून भिंतीवर कशी गेली, तेही धुण्याच्याच तर्काने. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, चुलीचा धूर वर्षभर बसलेला असतो. दसरा-दिवाळीआधी घराला चुन्याचा हात द्यायचा. चुना पूर्ण पांढरा नसतो, त्यात पिवळट झाक असते. जी युक्ती धोतराला चालते ती भिंतीला का चालू नये? विरवून गाळलेल्या चुन्यात थोडी खळ किंवा डिंक, आणि नीळ एका फडक्यात पुरचुंडी बांधून त्या बादलीत पिळायची; तशीच टाकली तर गुठळ्या राहतात आणि कुंचा ओढला की भिंतीवर निळे ओरखडे उमटतात. चिमूटभर घातली तर पांढरा उजळतो. मूठभर घातली तर आकाशी. आणि इथे एक फसगत असते, जी चुन्याने रंगवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते: ओला असताना हात चांगला गडद दिसतो, सुकला की निम्म्याहून फिका पडतो. चुना स्वतः इतका पांढरा की त्यात निळा किती ओतला तरी तो रंगाला वर उचलतोच. आणि फार ओतला तर चुन्याची पकड सुटते, भिंतीला टेकलेल्या माणसाची पाठ निळी होते. म्हणून खराखुरा गडद निळा पुऱ्या भिंतीवर नव्हे, तर छोट्या जागी दिसतो. देवघराच्या कोनाड्यात, दाराच्या चौकटीभोवती, भिंतीच्या तळाशी हातभर पट्ट्यात. तिथे सरसात किंवा खळीत घट्ट कालवून दिलेला हात असतो, आणि पाठ टेकायचा प्रश्न नसतो.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळे अनुमान आहे. प्रत्येक प्रांताची निळी भिंत त्याच्या त्याच्या परंपरेतून आली असेल, पुडीला एवढे श्रेय कशाला? त्याला उत्तर म्हणून जगाचा नकाशा पुरेसा आहे. पोर्तुगालच्या आलेंतेझु भागात पांढऱ्या घरांना तळाशी निळा पट्टा असतो. ग्रीसच्या बेटांवर चुन्यात धुण्याची नीळ घालून दारे-खिडक्यांच्या कडा रंगवतात. मेक्सिकोत फ्रिदा काहलोचे निळे घर प्रसिद्ध आहे. तिथेही भिंतीच्या निळ्याचे आणि धुण्याच्या निळीचे नाव एकच. इंग्लंड-आयर्लंडमधल्या शेतघरांत दुधाच्या खोल्या आणि स्वयंपाकघरे धुण्याची नीळ घातलेल्या चुन्याने रंगवीत. निळ्यावर माशा बसत नाहीत असा तिथला समज. आपल्याकडे हाच समज डासांबद्दल आणि वाळवीबद्दल सांगितला जातो. एकमेकांशी संबंध नसलेल्या या मुलुखांत एकाच जातीचा, किंचित जांभळट छटेचा निळा दिसतो, आणि तोही चुन्याच्याच भिंतींवर. स्वतंत्र परंपरा असत्या तर छटा वेगवेगळ्या निघाल्या असत्या. सामाईक आहे ती पुडी. गोव्यातल्या निळ्या घरांनाही हेच लागू पडते. पांढरा रंग चर्चसाठी राखून बाकीच्यांनी रंगीत घरे ठेवायची अशी पोर्तुगीज काळातली रीत सांगतात, पण रीत रंग वापरायला लावते, रंग पुरवत नाही.

जोधपूरचे तेवढे वेगळे सांगतो. निळ्याचे कारण म्हणून तिथे मोरचुदाचे नाव घेतले जाते: वाळवी लागू नये म्हणून चुन्यात मोरचूद घालत आणि भिंत निळी होई. मोरचूद कीड मारते हे खरे. चुना-मोरचुदाचे मिश्रण १८८५ पासून फ्रान्समध्ये द्राक्षबागांवर फवारले गेले आणि नाशिकचा बागायतदार आजही बोर्डो म्हणून ते ओळखतो. त्याने त्या मिश्रणाचा रंगही पाहिलेला असतो: फिका, हिरवटाकडे झुकणारा आकाशी. त्यातून गडद निळा निघत नाही. राहता राहिले शहराचे वय. जोधपूर १४५९ मध्ये वसले हे मान्य, पण चुन्याचा हात दर वर्षा-दोन वर्षांनी नवा दिला जातो. शहराचा जन्म त्याच्या भिंतीवरच्या रंगाची साक्ष होऊ शकत नाही.

माझ्या मांडणीवर खरा भारी आक्षेप वेगळाच आहे, आणि तो महाराष्ट्रातच उभा आहे. रंग वस्तूने ठरतो, अर्थ मागाहून येतो, असे मी म्हणतो. मग आंबेडकरी वस्त्यांतल्या निळ्याचे काय? १९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. पुढे रिपब्लिकन पक्षाने तो चालवला, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर हा रंग कमानीवर, विहारावर, घराच्या दर्शनी भिंतीवर आणि आत बाबासाहेबांच्या तसबिरीमागच्या चौकोनावर आला. इथे अर्थ आधी आहे. दुकानात स्वस्त मिळतो म्हणून हा निळा कोणी निवडला नाही. तसे म्हणणे अडाणीपणाचे तर होईलच, अन्यायाचेही होईल. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. वस्तू दार उघडते. आत कोण येईल आणि काय म्हणून येईल हे ती ठरवत नाही. पण उरलेला अर्धा भागही पाहिला पाहिजे. अर्थ भिंतीवर उतरायला ज्याचा अर्थ त्याला परवडणारा रंग लागतो. अजिंठ्याचा निळा मंत्र्याला परवडत होता. विसाव्या शतकातला निळा ज्यांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले त्यांनाही वाण्याकडे मिळत होता, आणि वाडा असो की झोपडी, पुडीचा भाव एकच होता. रंगांच्या बाजारात अशी समता आधी नव्हती.

मग आजच्या फ्लॅटमधली ती एक गडद निळी भिंत कुठून आली? तिचा या पुडीशी संबंध जवळजवळ तुटलेला आहे. चुना गेला तशी चुन्याची अटही गेली. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहगन कंपनीचा कारखाना निघाला, तीच पुढची नेरोलॅक. १९४२ मध्ये एशियन पेंट्स सुरू झाली आणि १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू डब्यावर झळकला. तेलरंग चाळीच्या जिन्यापर्यंत पोचला, पुसता येईल असा कमरेएवढा पट्टा त्याने भिंतीला दिला. डिस्टेंपर खोल्यांत आला. त्यातच एक नवा निळा दाखल झाला होता. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात भांड्याचे इनॅमल तडकून आतले लोखंड उघडे पडले आणि पांढऱ्या रसायनात गडद निळा उतरला. त्यातून थॅलोसायनिन हा रंग सापडला, आणि १९३५ मध्ये तो मोनॅस्ट्रल ब्लू म्हणून बाजारात आला. हा ना आम्लाला दाद देतो, ना क्षाराला, आणि त्याची ताकद एवढी की थोडक्यात डबा निळा होतो. दुकानातले मशीन गडद छटेसाठी पांढरा जवळजवळ नसलेला बेस घेऊन त्यात असलाच रंग सोडते. इकडे धुण्याची नीळही बदलली. १९८३ मध्ये केरळात सुरू झालेल्या उजालाबरोबर पुडीची जागा बाटलीने घेतली. बाटलीतला रंग पाण्यात विरघळणारा, कापडासाठी ठीक, भिंतीच्या कामाचा नाही. गडद निळी भिंत हवी तेवढी गडद झाली ती चुना आणि पुडी दोन्ही घरातून गेल्यावर.

या सगळ्याचा पुरावा पुस्तकांत फार थोडा आहे. तो भिंतींत आहे. चुन्याच्या भिंतीवर दिवाळीगणिक थर चढत गेलेले असतात. जुन्या वाड्याच्या कोनाड्यातून नखाएवढा पोपडा काढला तर त्याच्या कडेला पांढरे, आकाशी, पिवळे, निळे थर एकाखाली एक दिसतात. आणि हेच पोपडे आज सर्वांत वेगाने नष्ट होत आहेत. वाडा विकासकाकडे जातो, नाही तर जीर्णोद्धाराच्या नावाखाली भिंत विटेपर्यंत खरवडून तिच्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढतो. जुन्या भिंतीतली ओल मग आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवा रंग फुगून येतो. तेव्हा जुने घर, वाडा, चाळीतली खोली रंगवायला काढणाऱ्यांना एवढीच विनंती: खरवडण्याआधी देवघराचा कोनाडा, दाराची चौकट आणि स्वयंपाकघराचा कोपरा इथला प्रत्येकी एक पोपडा सगळ्या थरांसकट कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर जागा व तारीख लिहा. निळा थर सापडलाच तर त्याचा कण व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. फसफसून चुना गेला, निळा विटला आणि गंधकाचा वास आला, तर ती धुण्याची नीळ. दुसरा कण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तपकिरी झाला तर प्रशियन ब्लू. दोन्हींत तसाच राहिला तर बहुधा डब्यातला, अलीकडचा. आणि अशी चार-पाच पाकिटे जमली, की ती जवळच्या इतिहास मंडळाकडे किंवा स्थापत्य महाविद्यालयाकडे नेऊन द्या.